भंडारदऱ्याच्या काठावर सॅली मान

पावसाळ्यात भंडारदऱ्याला रंधा धबधब्यासमोर कॅमेऱ्यांची झुंबड उडते. मेअखेरीला काजव्यांसाठी गर्दी होते. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, आर्थर जलाशय, रतनवाडीचा अमृतेश्वर, कळसूबाई: सगळ्यांचे फोटो सापडतात. वरई-नाचणी पिकवणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर घरांच्या तीन पिढ्या मात्र त्यांत क्वचितच दिसतात.

फोटोत न येणाऱ्या या माणसांचा विचार करताना अमेरिकन छायाचित्रकार सॅली मान यांचं 'होल्ड स्टिल' (२०१५) हे आत्मकथन इथे वाचावं असं वाटतं. व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनमध्ये १९५१ साली जन्मलेल्या या बाईंनी त्यात घरातल्या पेट्यांमधले कागद आणि फोटो उलगडले. वडील डॉक्टर. मुलीला वाढवलं ते जीजी या कृष्णवर्णीय बाईंनी. प्रवासात हॉटेलं जीजींना आत घेत नसत, मग त्या जेवत कुठे? हे आपण लहानपणी कधी विचारलंच नाही, ही मान यांची कबुली पुस्तकाचा गाभा आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या निसर्गाकडेही त्यांनी असंच पाहिलं. १९५५ मध्ये खून झालेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा मृतदेह टालाहाची नदीत सापडला. तो काठ त्यांनी टिपला. फोटोत नुसता काठ दिसतो, घटना माहीत असली की तो सहन होत नाही.

भंडारदऱ्याच्या निसर्गामागेही अशी माणसं आहेत. इथल्याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्यात फासावर गेले. भंडारदऱ्याच्या फोटोंखाली त्यांचं नाव यायला हवं. आणि भंडारदऱ्याच्या शेंडी गावातल्या एखाद्या मुलीने आजीचा फोटो काढून मागे तिचं नाव, गाव आणि तिने केलेली कामं लिहावीत.