परीक्षानळी आणि परखनली

मराठीत तिला परीक्षानळी म्हणतात, हिंदीत परखनली. अनुवाद करताना हे शब्द मी कितीदा एकमेकांच्या जागी ठेवले असतील. त्यांच्यातलं अंतर कळलं ते मात्र गेल्या उन्हाळ्यात, रायपूरच्या आमच्या स्वयंपाकघरात.

भाची बारावीत होती. शाळा हिंदी, घर मराठी. प्रॅक्टिकल म्हटलं की तिचे हात गार पडत. ते हात माझ्या ओळखीचे होते. बारावीत ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन करताना माझ्याकडून ब्युरेटची तोटी कधी वेळेवर बंद झाली नाही. फिकट गुलाबीवर थांबायचं, तर चंबू जांभळा होऊन जाई. वाचनं जुळायला हवीत एवढं ठाऊक होतं. मी शेजारणीचा आकडा घेतला आणि तीन ओळींत तोच उतरवला. गुण चांगले मिळाले. पुढे रसायनशास्त्र सोडलं.

म्हणून भाचीसाठी मी एक खेळ रचला. पानाच्या चुन्याची निवळी ५ मिलिलिटर, त्यात चिमूटभर हळद, की पाणी लाल. दहापट पातळ केलेला लिंबाचा रस ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचा आणि लाल जाऊन पिवळं आलं की थांबायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच. तीन डाव. ज्याचे तीन आकडे एकमेकांच्या सर्वांत जवळ, तो जिंकला. घाईला गुण नाहीत.

पहिल्या दिवशी तिचे थेंब भरले ४१, ५३, ३८. माझे त्याहून वाईट. आम्ही पोट धरून हसलो. चौथ्या दिवशी रंग बदलू लागला की तिचा हात आपोआप मंदावू लागला. काचेची ब्युरेट आणि तिची तोटी या खेळात नव्हती, ती प्रयोगशाळेतच शिकावी लागते. पण कुठे थांबायचं हे बोटांना कळलं होतं.

असा विचार आपल्या भागाला नवा नाही. छत्तीसगढ मध्य प्रदेशातच होतं तेव्हा, १९७२ साली, होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तिथे परीक्षेतही पुस्तक उघडायची मुभा होती. चुकायला जागा असली की आकडा उसना घ्यावा लागत नाही.

परख हा शब्द परीक्षेतूनच आला. आपल्याकडेही पारख आहे, पण ती सोनाराकडे राहिली. नळीच्या वाट्याला परीक्षा आली.

शेवटच्या दिवशी भाचीने वही पुढे केली. “मावशी, हे ५३ खोडू का?”

“राहू दे,” मी म्हटलं.

माझ्या बारावीच्या जर्नलमध्ये एकही खाडाखोड नव्हती.