उतार

कुत्र्याच्या मागच्या पायातला जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, त्याला बहुतेक माणसं गुडघा समजतात. ती टाच असते. कुत्रा जन्मभर बोटांवर चालतो, टाच टेकवतच नाही. आणि त्याचा खरा गुडघा बराच वर, मांडीच्या भरात, पोटाला लागून असतो. केसांत तो दिसत नाही, चाचपून शोधावा लागतो. चिकूचे कान, तिच्या पंजांच्या गाद्या, शेपटीच्या मुळाशी असलेला केसांचा भोवरा, सगळं मला डोळे मिटून सांगता आलं असतं. गुडघा मात्र डॉक्टरांनी माझी बोटं धरून त्यावर ठेवली तेव्हा कळला. डाव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला टणक फुगवटा लागत होता. उजव्याला नव्हता.

चिकू चॉकलेटी लॅब्राडोर, वजन ३२ किलो. ती कुठे पडली नव्हती, कुणाच्या गाडीखाली आली नव्हती. बसताना डावा पाय बाजूला फेकून बसायची. झोपून उठली की पहिली चार पावलं लंगडायची, मग सरळ चालायची. आणि एका सकाळी जिन्याच्या वळणावर थांबून, पाय वर धरून, माझ्याकडे बघत उभी राहिली.

हा जिना महत्त्वाचा आहे. आमची इमारत कांजूरमार्ग पूर्वेची, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. सासरे क्रॉम्प्टन ग्रीव्हजमध्ये होते. कंपनीत चालत जाता यावं म्हणून हे घर घेतलेलं. कंपनीच्या जागेवर आता टॉवर आहेत आणि टॉवरमध्ये लिफ्ट आहेत. आम्ही अजून तिसऱ्या मजल्यावर पायांनी चढतो. पुनर्विकासाच्या सभा होतात, चहा होतो, सह्या होत नाहीत.

गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा तुटला की नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकतं. कबड्डीपटूचा ‘लिगामेंट गेला’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. पण माणसाचा हिशेब कुत्र्याला लागू पडत नाही. माणूस गुडघा सरळ करून उभा राहतो आणि त्याच्या नडगीचा माथा बराच सपाट असतो. कुत्र्याचा गुडघा उभं असतानाही वाकलेलाच, आणि नडगीच्या माथ्याला मागच्या बाजूला पंचवीसेक अंशांचा उतार. कुत्रा नुसता उभा राहिला तरी मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू बघतं आणि तो एक अस्थिबंध त्याला थोपवून धरतो. रोज, दिवसभर. त्यामुळे बहुतेक कुत्र्यांत तो एका झटक्यात तुटत नाही; विहिरीवरच्या दोराचे पीळ सुटत जावेत तसा महिनोन्‌महिने उसवत जातो. मग एखाद्या साध्याशा वळणावर शेवटचा पीळ सुटतो आणि घरातले विचारतात, काल तर बरी होती!

डॉक्टरांनी तिला गुंगीचं औषध देऊन एक्स-रे काढला, मांडी एका हातात आणि नडगी दुसऱ्या हातात धरून पुढे-मागे हलवून पाहिली. नडगी सरकत होती. तो टणक फुगवटा म्हणजे शरीराने आपल्या परीने केलेला इलाज होता. सांधा हलता हलता स्थिर राहीना, म्हणून त्याच्याभोवती जाड ऊती चढवून त्याला जखडून टाकायचं. आमच्या गल्लीत एक पिवळा कुत्रा आहे, मागचा एक पाय आखडलेला. कांजूर गावापासून हायवेपर्यंतची सगळी भांडणं तो तीन पायांवर लढतो. त्याच्या गुडघ्याचा निर्णय कुणी घेतला नाही, तो आपोआप झाला. चिकूचा आम्हाला घ्यायचा होता.

लहान चणीच्या कुत्र्यांना कधी कधी विश्रांतीनेच भागतं. १९८४ सालच्या एका जुन्या अभ्यासात १५ किलोपर्यंतच्या कुत्र्यांपैकी दहात आठ-नऊ जण शस्त्रक्रियेविना सुधारले होते. त्याहून जड कुत्र्यांत मात्र दहात जेमतेम दोन. चिकू त्या रेषेच्या दुप्पट पलीकडे. मग राहिले शस्त्रक्रियेचे प्रकार. फिनलंडच्या पात्सामाने १९५२ साली मांडीवरच्या आवरणाची पट्टी काढून, हाडांत भोकं पाडून, तिचाच नवा अस्थिबंध ओवला होता. पुढे सांध्याच्या बाहेरून नायलॉनचा जाड धागा घालायची रीत आली. ती अजून आहे, स्वस्तही आहे, पण जड कुत्र्यात धागा सैल पडू शकतो. आणि मग अमेरिकेतल्या ओरेगॉनचा बार्कली स्लोकम. १९९३च्या सुमारास त्याने मांडलेली शस्त्रक्रिया ऐकताना मला आधी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तुटलेल्या अस्थिबंधाला हातच लावायचा नाही. नडगीचा माथा गोलसर करवतीने कापायचा, फिरवायचा, उतार पाच-सहा अंशांवर आणायचा आणि पट्टी-स्क्रूने तिथे पक्का करायचा. उतार गेला की घसरणं गेलं, घसरणं गेलं की थोपवणाऱ्याची गरज गेली.

विचार म्हणून हे मला फार सुंदर वाटलं. सही करायची वेळ आली तेव्हा तेवढं सुंदर वाटेना. चिकूच्या अंगातलं जे हाड पूर्ण निरोगी होतं, ते कापायची परवानगी आम्ही देणार होतो.

आमच्या घरात गुडघ्यांची चर्चा नवी नाही. सासूबाईंचे दोन्ही झिजलेत. सांधेबदल करून घ्या म्हणून सगळे मागे लागून थकले. त्यांचं एकच उत्तर, मला काटछाट नको. कुणी शेजारच्या इमारतीतल्या काकूंचं उदाहरण दिलं की त्या म्हणतात, त्यांचं त्यांना लखलाभ. त्यामुळे चिकूच्या शस्त्रक्रियेचा विषय जेवताना निघाला तेव्हा त्यांनी पान बाजूला सारलं.

“माझा गुडघा माझा आहे, मी नको म्हणाले. हिचा कोणाचा?”

नवरा म्हणाला, “आई, तिला कळत नाही ना.”

“तेच म्हणते मी.”

त्यांच्या म्हणण्यात अडाणीपणा नव्हता. माणूस शस्त्रक्रियेला जातो तेव्हा महिन्याभरानंतरची स्वतःची चाल उसनी घेऊन जातो. आजची वेदना तो तिच्या भरवशावर सोसतो. कुत्र्याला तो भरवसा देता येत नाही. त्याला एवढंच कळतं की ओळखीच्या माणसांनी एका वासाच्या खोलीत सोडलं आणि जाग आली तेव्हा पाय पेटला होता. चिकूच्या वतीने तिचं उद्या आपण ठरवायचं आणि तिचं आज तिच्याकडून घ्यायचं, या सौद्याला सरळ शब्दांत न्याय्य म्हणणं मला जमलेलं नाही. तरी मी सहीच्या बाजूने होते.

मुंबईत जनावरांच्या इलाजाची सोय जुनी आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८०च्या दशकात उभं राहिलं, तिथेच १८८६ मध्ये बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज सुरू झालं. तेव्हा हे शहर बैल आणि घोडे ओढत होते, ट्रामसुद्धा. लंगडणारं जनावर म्हणजे थांबलेला धंदा. त्याचा पाय बरा करण्यात मालकाचा सरळ हिशेब होता. चिकूने आमच्यासाठी काहीही ओढलेलं नाही. उलट फिरताना तीच आम्हाला ओढते. असल्या बिनकामाच्या जनावरावर एवढा खर्च करायला शहर फार उशिरा शिकलं. रतन टाटांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं की आपल्या एका कुत्र्याला सांधा बदलण्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. तोवर उशीर झाला होता, आणि डॉक्टरांनी तो सांधा एका स्थितीत कायमचा पक्का केला. महालक्ष्मीचं टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय जुलै २०२४ मध्ये उघडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. ती गोष्ट वाचताना मी अडले ती अंतरापाशी नाही, उशिरापाशी. ज्याला जगात कुठेही जाता येत होतं त्याचीसुद्धा वेळ हुकू शकते. आमच्या गल्लीतल्या पिवळ्याचा गुडघा आणि टाटांच्या कुत्र्याचा तो सांधा अखेर एकाच जागी पोचले होते, गोठून.

कांजूरमार्गहून शहरात कुत्रा नेणं हाही एक उद्योगच. रिक्षा शीवच्या पुढे जात नाही. तिथे उतरून टॅक्सी शोधायची, आणि टॅक्सीवाला आधी तुमच्याकडे, मग ३२ किलोंकडे बघून काच वर करतो. शस्त्रक्रियेचं ठिकाण निवडताना आम्ही डॉक्टरांच्या अनुभवाइतकाच हा प्रश्न विचारला, येणार कसं. खर्चाचा आकडा ऐकून नवऱ्याने तो मनातल्या मनात गृहकर्जाच्या हप्त्यांत मोजला. मला दिसलं, मी विचारलं नाही.

खरा वाद झाला तो तारखेवर. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची असते. हाड सांधायला आठ ते बारा आठवडे. त्या काळात उडी नाही, धाव नाही, जिना नाही, घसरणं तर नाहीच. म्हणजे दिवाळी मध्ये येता कामा नये. पहिल्या सुतळी बॉम्बला ती पलंगाखाली झेपावणार. गणपती नकोत, दिवसभर दार उघडं आणि पाहुणे. पावसाळा नको, जिना ओला. शेवटी होळी उलटल्यावरचा आठवडा ठरला. उन्हाळ्यात आम्ही कोकणात जाणार नव्हतो, हे त्यातच ठरून गेलं.

आणि मग ते आठवडे. हॉलभर सतरंज्या आणि रबरी मॅट अंथरल्या, फरशीचा एक चौकोन उघडा ठेवला नाही. गळ्यात तो प्लास्टिकचा कोन. तो घेऊन चिकू दारांच्या चौकटी, स्टुलं आणि सासूबाईंच्या पोटऱ्या शोधून शोधून ठोकरत असे. पोटाखालून जाड टॉवेल घालून तिचा मागचा भार आम्ही उचलायचो. खाली नेताना नवरा पुढून, वॉचमन मागून. बत्तीस किलो तीन मजले उतरवणं आणि चढवणं म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच विचारावं. वॉचमनने पैसे घेतले नाहीत, त्याने माझ्या हातच्या पुरणपोळ्या मात्र मागून घेतल्या. गुडघ्याला बर्फ, मग पाय हळूहळू वाकवणं आणि सरळ करणं, मग पट्ट्यावर पाच मिनिटांचं फिरणं, पुढे दहा.

पहिले दिवस जड जातील असं वाटलं होतं. ते सोपे गेले. ती नुसती पडून असे. तिसऱ्या आठवड्यात तिला बरं वाटू लागलं आणि आमचे हाल सुरू झाले. दुखणं गेलेलं, हाड अजून कच्चं. ती बरी आहे असं तिचं सगळं अंग सांगत होतं, आणि नाही असं म्हणणारे आम्ही. दारावरची घंटा वाजली की तिचं उसळणं, आणि घरातल्या कुणीतरी तिच्यावर जवळजवळ पडून तिला दाबून धरणं. घंटा आम्ही बंदच करून टाकली. दूधवाला, कुरिअरवाला, कामवाल्या मावशी, सगळे फोन करू लागले.

रात्री वारा फिरला की खाडीकडून कचऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडचा वास आमच्या खिडकीत येतो. त्यावर इथली माणसं वर्षानुवर्षं तक्रारी करतात, मीही करते. त्या उन्हाळ्यात मात्र चिकू त्या वासाला उठून बसायची, कोन खिडकीकडे करून नाक हलवत राहायची. तिला बाहेरची तेवढीच खबर मिळत होती. मी खिडकी लावायला उठायचे आणि तशीच बसायचे.

खाण्याचा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सासूबाईंचा. दिवसभर आम्ही दोघं लोकलने कामावर. घरी त्या आणि चिकू. त्या वारकरी घरातल्या, आणि कुत्र्याने पोळी पळवल्यावर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले ही गोष्ट त्यांच्या घरात कुत्र्यांबाबतचा कायदा आहे. डॉक्टरांनी वजन ५-६ किलोंनी उतरवायला सांगितलं होतं. मी त्यांना सांगितलं, अहो आई, अठ्ठेचाळीस लॅब्राडोरांवर जन्मभर अभ्यास झाला, ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं ती जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. लॅब्राडोरांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्यात तर एक जनुकच बिघडलेलं असतं, त्यामुळे त्यांना सारखं खावंसं वाटतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “म्हणजे बिचारीला जन्मभर भूकच लागते.” माझ्या पुराव्याचा त्यांनी असा उपयोग केला.

पण तूप बंद झालं. पोळीच्या जागी त्या काकडीचे तुकडे देऊ लागल्या, तेही मोजून. खुर्चीवर बसून, पट्टा मनगटाला गुंडाळून, दुपारभर त्या तिला जखडून ठेवत. तिचा पाय वाकवण्याचा व्यायाम त्यांना खाली बसून करता येत नव्हता, म्हणून चिकूला दिवाणावर चढवायला त्या शेजारच्या मुलाला बोलावत आणि मग तिथे करत. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं होतं. त्यांनी ते काढून स्वतःच्या उशाशी ठेवलं.

पाऊस लागायच्या आधी एक्स-रे झाला. हाड सांधलं होतं. चिकू चारी पाय टेकत होती, दवाखान्याच्या फरशीवरसुद्धा. सासूबाई त्या दिवशी हट्टाने सोबत आल्या होत्या, तिन्ही मजले कठडा धरून उतरून. डॉक्टरांनी अभिनंदन केलं आणि एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी आधीही सांगितलेली होती: एका पायाचा अस्थिबंध गेला की निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा पुढेमागे दुसऱ्याही पायाचा जातो. वजन सांभाळा.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी दोघांकडे.

“दुसरा गेला तर आधी मला विचारायचं,” त्या म्हणाल्या. “सही तुमची असते. दुपार माझी असते.”

डॉक्टर हसले. त्या हसल्या नाहीत. पट्टा मनगटाला गुंडाळून त्या दाराकडे निघाल्या, आणि टॅक्सी मिळवायची कशी हे बघायला आम्ही मागोमाग.