हौदातला तांबू

तांबू जातीने रोहू. पर तांबूस, पाठ हिरवट करडी, तोंड खालच्या अंगाला वळलेलं. बोरिवलीत दहिसर नदीपासून जवळच आमचं जुनं बैठं घर होतं. त्याच्या परसातल्या दगडी हौदात तो वाढला आणि तिथेच म्हातारा झाला.

हौद मुळात विहिरीचं पाणी बागेला सोडण्यासाठी बांधलेला. विहिरीवर पंप बसला आणि हौद नुसताच भरलेला राहू लागला. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार व्हायचं, कडांना शेवाळाचे झुपके लोंबायचे. डासांच्या अळ्यांसाठी पालिकेच्या माणसाने गप्पी मासे सोडले. अळ्या संपल्या, शेवाळ तसंच राहिलं.

मग वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, शेवाळ खाणाऱ्या माशाचा शोध मनावर घेतला. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत त्यांचे एक स्नेही नोकरीला होते. त्यांना विचारून अण्णांनी एकेक मासा पारखला. गवत्या पाणवनस्पती खातो, म्हणजे आधी आईची कमळं जाणार. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. चंदेरा पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ गाळून खातो, पण त्याला ऐसपैस तळं लागतं आणि बिचकला की तो उड्या मारतो. दुकानात मिळणारा, काच चाटणारा सकर मासा अण्णांनी साफ नाकारला. तो दक्षिण अमेरिकेतला. पुरात एखादा जरी निसटला तरी नदीत ठाण मांडेल, ही त्यांची धास्ती. उरला आपल्याकडचा रोहू.

रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला पावसाळ्यातली वाहती नदी लागते. 1957 साली कटकला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचं प्रजनन घडवून आणलं, म्हणून आज त्याचं बीज सहज मिळतं. अण्णांनी पालघरकडच्या एका शेततळ्यावरून मोजकी बोटुकली आणली. काही बगळ्यांनी नेली, काही पहिल्या उन्हाळ्यात गेली. तांबू तेवढा टिकला.

अण्णांनी हौदात बांबूचे खुंट उभे केले होते. त्यांच्यावर महिन्याभरात मऊ हिरवा थर धरायचा. सकाळी ऊन आलं की तांबू खुंटाला तिरका लागायचा आणि झालरीसारखा खालचा ओठ पसरून तो थर खुडायला लागायचा. वरून खाली सरकला की मागे बांबूची स्वच्छ पिवळी पट्टी उघडी पडायची. आईच्या पावलांचा आवाज त्याला कळे. ती भाताची शितं घेऊन आली की तो काठाशी येऊन थांबायचा. अण्णा तिला म्हणायचे, "अगं, चार शितांच्या वर नको. उरलेलं कुजतं आणि त्याचंच पुन्हा शेवाळ होतं."

मे महिन्यात पहाटे त्याचा जीव कासावीस व्हायचा. दाट हिरवं पाणी दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तोच वापरून टाकतं. तांबू पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसला की अण्णा विहिरीचं पाणी कळशीने उंचावरून ओतत बसायचे. पुढे त्यांनी हौदाच्या पश्चिमेला मांडव घालून कृष्णकमळ चढवलं. निम्म्या पाण्यावर सावली आली आणि पाणी निवळलं. एकट्या तांबूला ते कधीच साधलं नसतं.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या परसातलं पाणीही हौदाच्या काठाला टेकलं. घरात सामान वर चढवायचं सोडून अण्णांनी आणि मी आधी हौदावर जुनी मच्छरदाणी ताणली, कडेला विटा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गाळ बसला तेव्हा तांबू तळाशी शांत उभा होता.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे तो जगला. शेवटी शेवटी त्याने खुंट खुडणं सोडलं होतं. तो गेला तेव्हा आईने त्याला नारळाच्या आळ्यात पुरलं आणि त्या दिवशी घरात मासे शिजले नाहीत.

तांबूच्या सोबतीने एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली: शेवाळ ऊन आणि कुजकं यांवर पोसतं, त्यामुळे आधी सावली करा, पडलेली पानं काढा, खाणं कमी टाका, आणि मगच मासा आणा. रोहू मोठा होतो, त्याला टबात कोंडू नका. आणि पाळलेला मासा नकोसा झाला, तर तो नदीत किंवा तलावात सोडू नका. सांभाळणाऱ्याच्या हाती द्या.