निवळशंख पाणी

"आत्या, व्हिडिओ बघितलास का? टाकीचा तळ दिसतोय तळ!"

भाच्याचा हा फोन मार्च २०२३ मधला. माझ्या भावाचं शेत इंदापूर तालुक्यात आहे. तिथे शेड उभारून भाच्याने गोल टाक्यांमध्ये मासे पाळायला सुरुवात केली होती. भिगवणच्या बाजारातून उजनीची चिलापी मी कितीदा आणली असेल. पण हा प्रकार निराळा. तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा पुन्हा माशांना द्यायचं. 'आरएएस' म्हणतात त्याला. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या भागात कमी पाण्यावर मासे, ही कल्पनाच मला इतकी आवडली की एक ठेव मोडून मी त्याला तीन लाख रुपये देऊन टाकले. एक प्रश्न विचारला नाही.

व्हिडिओ पाहिला. पाणी खरंच निवळशंख होतं. मी म्हटलं, "अरे, हे तर मीही पिईन!"

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन आला तो सूनबाईंचा. टाकीतली बहुतेक बोटुकली मरून तरंगत होती. बीज सोडून जेमतेम बारा दिवस झाले होते.

भाऊ मला काही बोलला नाही. आणि तेच जास्त लागलं. नंतर त्याच्या बायकोकडून कळलं, तो म्हणाला होता, "ताईने पैसे दिले नसते तर हा नाद तिथेच थांबला असता." खोटं कुठे होतं त्यात?

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला तो सुटलाच. पण पैसे गेले म्हणून असेल, नाहीतर ते वाक्य लागलं म्हणून, मी वही घेऊन बसले. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेला एक मुलगा भाच्याच्या ओळखीचा निघाला. त्याने फोनवर तासभर समजावलं. मला जे कळलं ते असं.

पाण्यातली घाण दोन प्रकारची. एक दिसणारी, म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाद्य. दुसरी न दिसणारी. मासा प्रथिनं खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो पाण्यात विरघळतो. त्याला ना रंग, ना गाळ. तो गाळणीत अडकत नाही, जसं मीठ चहाच्या गाळणीत अडकणार नाही. शिवाय पाण्याचा पीएच जितका जास्त, तितका तो घातक. पीएच सातचा आठ झाला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. आणि आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्याही वर!

आता विक्रेत्याने भाच्याला काय दिलं होतं? वाळूचा मोठा फिल्टर आणि अतिनील किरणांचा दिवा. दोन्ही आपापल्या जागी ठीक. वाळूने पाणी नितळ केलं, दिव्याने जंतू मारले. पण वाळूत अडकलेली विष्ठा बॅकवॉश होईपर्यंत तिथेच कुजते आणि त्यातून आणखी अमोनिया सुटतो. अमोनिया पचवणारा जैविक फिल्टर म्हणजे कोपऱ्यातला एक छोटा पिंप, आणि तोही कोरा करकरीत. अमोनिया मोजायचं किट, या सगळ्या पसाऱ्यातली सर्वात स्वस्त वस्तू, कोटेशनमध्ये नव्हतंच.

जैविक फिल्टर म्हणजे खरं तर जिवाणूंचं घर. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना विषारीच. नायट्रेट मात्र बराच निरुपद्रवी. त्या जिवाणूंना चिकटून राहायला प्लॅस्टिकची छोटी नक्षीदार चाकं पिंपात भरतात आणि हवेने घुसळत ठेवतात. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत सांडपाण्यासाठी निघाली. तिथून ती माशांपर्यंत आली.

मग त्या मुलाने मला हिशेब घातला. टाक्यांत पुढे १००० किलो मासे होणार. रोज वजनाच्या २ टक्के म्हणजे २० किलो खाद्य. खाद्यात ३० टक्के प्रथिनं असतील तर रोज साधारण ५५० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होणार. एक चौरस मीटर पृष्ठभागावरचे जिवाणू दिवसाला ०.३ ग्रॅम पचवतात असं सावधपणे धरलं तर सुमारे १८०० चौरस मीटर जागा हवी. एक घनमीटर चाकांत ५०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. म्हणजे साडेतीन घनमीटरहून थोडी जास्त चाकं. आमच्याकडे होती अर्धा घनमीटर! पाचवीच्या मुलाला जमेल असं गणित, पण ते कुणी केलंच नव्हतं. विक्रेत्याने टाकीचे लिटर विचारले, आम्ही लिटर सांगितले. अहो, पण घाण लिटरमधून येत नाही, घासातून येते.

दुसऱ्या वेळी तीन कोटेशनं आली. ती माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडली आणि भाच्याला म्हटलं, तिघांनाही एकच प्रश्न विचार. "तुमचं यंत्र रोज किती किलो खाद्याची घाण पचवेल?" दोघे पुन्हा लिटरवर घसरले. एकाने तर फिल्टर कुठल्या देशातून आलाय तेवढंच तीनदा सांगितलं. तिसऱ्याने उलट विचारलं, "खाद्यात प्रथिनं किती टक्के? आणि वीज किती तास जाते?" मी भाच्याला खूण केली. हाच.

त्याच्याकडून ड्रम फिल्टर घेतला. बारीक जाळीचं फिरतं पिंप ते. जाळी भरली की स्वतःच फवारा मारून घाण बाहेर टाकतं, कुजायला वेळच देत नाही. पुढे चाकांची मोठी टाकी. दिवा जुनाच ठेवला. ब्लोअर मात्र दोन आणि जनरेटर एक. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला जिवाणूंनाही साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो, माशांचा वेगळाच.

खरी परीक्षा पुढे होती. जिवाणूंची वसाहत जमायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे नाहीत. त्या जिवाणूंना खायला म्हणून भाचा पाण्यात चिमूट-चिमूट नवसागर घालायचा. हो, आपल्या कल्हईवाल्याचाच नवसागर! भाऊ चिडायचा, "मासे नाहीत आणि मोटारींचं बिल चालू." मी म्हटलं, "अरे, विरजण लागल्याशिवाय ताक घुसळतोस का?" दुसऱ्याच्या चालू फिल्टरमधली चाकं आणली असती तर काम लवकर झालं असतं, पण त्यांच्याबरोबर रोगही आला असता. म्हणून थांबलो. सदतीस दिवस थांबलो. रोज संध्याकाळी भाचा किटच्या नळीचा फोटो पाठवायचा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे नाही. ज्या दिवशी संध्याकाळी घातलेला नवसागर सकाळपर्यंत पचला आणि नळी पिवळी राहिली, नायट्राइटही दिसलं नाही, त्या दिवशी भावाचा स्वतःहून फोन आला. "ताई, पिवळा आहे." एवढंच बोलला. पण बोलला.

२०२४ च्या दिवाळीत भाच्याने एक लाख परत केले. उरलेले येतील तेव्हा येतील.

गेल्या महिन्यात जाऊन आले. गंमत म्हणजे टाकीतलं पाणी आता निवळशंख नाही. फिकट चहासारखी झाक आहे त्याला, जुन्या फिरत्या पाण्याला अशी येतेच म्हणे. पण मासे टपाटप वर येऊन खात होते.

वर्गातही असंच व्हायचं. ज्याची वही सर्वात स्वच्छ, तो हुशार असं मीही कैकदा धरून चालले आणि फसले. मायेने पैसे देताना मी प्रश्न विचारले नाहीत, कारण विचारणं म्हणजे अविश्वास असं वाटलं होतं. आता वाटतं, चार प्रश्न विचारणं हीसुद्धा मायाच होती. तीन लाखांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला असता.

असो. तुमच्या घरात कुणी असं काही काढत असेल तर पैसे जरूर द्या. पण वही घेऊन शेजारी बसा.