सप्ताहात ऑप्टिमॉड

कारंजा (लाड), जि. वाशिम

चि. छकुलीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतून ऑर्बनचा ऑप्टिमॉड ८१००, म्हणजे रेडिओ स्टेशनातली आवाजाला हद्द घालणारी पेटी, आणलास आणि यंदा मानोऱ्याकडच्या आपल्या गावी हरिनाम सप्ताहात तो भोंग्यांच्या आधी लावणार आहेस, असं ताईनं फोनवर सांगितलं. "तुमा मामा-भाचीले भंगारच कसं आवडते," हेही सांगितलं. हे पत्र मी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण हा बेत तुझ्या एकटीच्या डोक्यात नाही. गावोगावचे साउंडवाले आता असलं काहीतरी शोधताहेत.

त्यामागचं कारण तुला ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कुर्ल्याच्या नेहरूनगर भागातल्या एका प्रकरणात भोंगे हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असं म्हटलं आणि ठरावीक डेसिबलच्या वर आवाज जाऊच नये अशी यंत्रणा ध्वनिक्षेपकातच असावी, यासाठी सरकारनं निर्देश देण्याचा विचार करावा, असं सांगितलं. तेव्हापासून जो तो "लिमिटर कुठं मिळतो?" असं विचारतो. रेडिओवाल्यांकडे ही यंत्रणा कित्येक दशकांपासून होती. त्यामुळे तुझी नजर बरोबर ठिकाणी गेली. पण रेडिओनं ती ठेवली कशासाठी, हे आधी समजून घे, म्हणजे पुढं फसगत होणार नाही.

मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरला ध्वनीची पातळी एका हद्दीपलीकडे गेलेली चालत नाही. मॉड्युलेशन शंभर टक्क्यांवर गेलं की वाहक लहर क्षणभर तुटते, आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनांवर खरखर पसरते. नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झालं आणि आपल्या भागानं ५८५ किलोहर्ट्‌झवर त्याचं गाणं-बजावणं, शेतीचे कार्यक्रम, बातम्या ऐकल्या. असं केंद्र चालतं तेव्हा कंट्रोल रूममध्ये कोणीतरी फेडरवर बोट आणि व्हीयू मीटरवर डोळा ठेवून बसलेला असतो. तो मीटर १९३९ साली अमेरिकेत बेल लॅब आणि तिथल्या दोन मोठ्या रेडिओ कंपन्यांनी मिळून ठरवला. पखवाजवाला हात उचलतो ते काचेपलीकडून दिसतं, म्हणून माणूस थाप पडायच्या आधीच पातळी अर्धा घर खाली घेतो. आवाज आवरणाऱ्या पेटीला ते दिसत नाही. तिला थाप पडल्यावरच कळतं. माझी सगळी नोकरी रेडिओच्या तंत्रविभागात गेली, तरी माझं मत आहे की चांगल्या हाताची बरोबरी कुठलीही पेटी करत नाही. फक्त हात थकतो, चहाला जातो आणि सप्ताहात तर कीर्तन ऐकत बसतो.

म्हणून पेट्या आल्या. १९६० च्या सुमारास सीबीएस प्रयोगशाळेनं ऑडिमॅक्स काढला. त्याच्या जोडीला व्हॉल्युमॅक्स होता. पहिला सरासरी पातळी हळूहळू सावरायचा, दुसरा टोकं छाटायचा. पुढं बॉब ऑर्बनचा पहिला ऑप्टिमॉड १९७५ चा आणि तुझा ८१०० हा १९८० चा. पहिल्यापासूनच त्यांत कॉम्प्रेसर, लिमिटर आणि स्टिरिओ एन्कोडर एकाच घरात आले. आता अडचणीची गोष्ट ऐक. अमेरिकेत एकाच शहरात डझनावारी एफएम स्टेशनं होती आणि डायल फिरवताना आपलंच स्टेशन मोठं ऐकू यावं यासाठी त्यांची चढाओढ चालायची. टोकं हद्दीतच ठेवायची, पण मधला सगळा खोलगट भाग भरून काढायचा. सोयाबीनचं पोतं हादरवून ठासून भरलं की पोतं तेच राहतं आणि काट्यावर वजन मात्र वाढतं, तसं. आकाशवाणीला कित्येक दशकं कोणाच्या वर ओरडायचं नव्हतं. आपल्याकडे पहिलं पूर्ण खासगी एफएम केंद्र बंगळुरूला २००१ साली आलं. म्हणजे तुझ्या हातातली पेटी आवाजाला हद्द घालते हे खरं, आणि हद्दीपर्यंत आवाज ठासून भरते हेही तितकंच खरं. पोलिसाच्या हातातला मीटर कानाच्या जवळ जाणारं, काही काळाचं मोजमाप दाखवतो. त्यामुळे टोक तेच ठेवूनही तू डेसिबल वाढवू शकतेस. गावातल्या पोरांना हे समजलं तर ते नेमकं तेच करतील! रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज परत वर यायचा वेग, मंद ठेव, क्लिपिंगचा नॉब जवळजवळ शून्यावर ने आणि कॉम्प्रेशनचा काटा बुवांच्या चढ्या आवाजालाच हलेल इतकाच हलू दे.

दुसरा धोका शांततेचा. बुवा अभंगाचं एक चरण म्हणून थांबतात, तेव्हा आवाज सावरणारी पेटी समजते की पातळी पडली आणि गेन वाढवू लागते. रेडिओत त्यानं फार तर स्टुडिओतल्या पंख्याची घरघर वर येते. पण रेडिओत माइक इथं आणि स्पीकर पन्नास कोसांवर. सप्ताहात माइक आणि भोंगा एकाच मांडवात. गेन वाढला की शिट्टी लागलीच म्हणून समज. ऑडिमॅक्सची खरी करामत हीच होती, की सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की तो गेन आहे तिथं धरून ठेवायचा. तुझ्या ८१०० मध्येही त्यासाठी गेट आहे. त्याचा थ्रेशोल्ड मांडव रिकामा असताना लावू नकोस, पंखे, जनरेटर आणि माणसांची कुजबुज सुरू असताना लाव. विराम घेतला की गेटचा दिवा लागायलाच हवा.

मग टाळ. एफएमला पाठवण्याआधी वरचे स्वर मुद्दाम उचलतात आणि लिमिटर त्या उचललेल्या आवाजावर बसतो. पन्नास टाळकरी एकदम वाजवू लागले की वरच्या पट्टीचा लिमिटर सगळ्यात आधी त्यांनाच दाबणार. खणखणीत टाळ पत्र्यासारखे वाजतील. मृदंगाचं त्या मानानं बरं आहे. ८१०० मध्ये साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचा पट्टा वेगळा हाताळला जातो, त्यामुळे धुमाची थाप बुवांचा आवाज खाली ओढत नाही. जुन्या एकपट्टी पेट्यांत तसं व्हायचं.

जोडणीत घाई करू नकोस. मागचा मुख्य आउटपुट ट्रान्समीटरसाठी आहे. त्यात १९ किलोहर्ट्‌झचा पायलट आणि त्याच्या वर ३८ भोवतीचा स्टिरिओचा भाग असतो. तो सरळ अ‍ॅम्प्लिफायरला दिलास तर हा भाग कानाला ऐकू येणार नाही, ट्वीटर मात्र उगाच तापतील. एन्कोडरच्या आधीचा साधा ऑडिओ कार्डावरून काढावा लागेल. त्याच्या पुढं, आधी उचललेले वरचे स्वर परत खाली आणायला, डी-एम्फसिस लागेलच. भारतात तो ५० मायक्रोसेकंदांचा, अमेरिकेत ७५ चा. तुझी पेटी तिकडची असेल तर आधी जंपर बघ. पुढं पाच किलोओहमचा रेझिस्टर आणि दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावलास की ५० होतात. आणि प्लग लावायच्या आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहा. ११५ वर असेल तर आपल्याकडचे २३० व्होल्ट एका दमात धूर काढतील. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चाळीस वर्षांचे असतील तर सगळे बदल, विचार करत बसू नको.

हे सगळं झालं की खरं काम. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. भोंगा लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्याच्या दहा वर, म्हणजे ६५ आणि ५५. मोबाइलमधल्या मीटरवर विसंबू नको, भाड्यानं खरा आण. मांडवाच्या कडेला उभी राहा, पूर्ण रंगात भजन चालू दे आणि अ‍ॅम्प्लिफायर अशा ठिकाणी आण की काटा ६५ च्या आत राहील. मग तो नॉबच काढून घे. नाहीतर तू लिमिटर लावशील आणि त्याच्या पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरचा कान कोणी पिळला की सगळं मुसळ केरात. एक भोंगा गावाकडे तोंड करून लावण्यापेक्षा चार छोटे बॉक्स मांडवात लाव. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर सहा डेसिबल आपोआप उतरतात, तेवढा फायदा फुकट मिळतो.

काकड्याचं मात्र पेटीनं काही होणार नाही. नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि काकडा सहाच्या आत होतो. तिथं भोंगा बंदच ठेवायचा आणि देवळात तोंडानं म्हणायचं. म्हातारे कुरकुरतील. त्यांना सांग, भोंगा यायच्या आधीही काकडा होत होताच. रात्रीच्या कीर्तनाला मुभा मिळवायची तर वर्षातून ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ती सरकारनं द्यावी लागते. आपल्या सप्ताहाचे दिवस त्यात बसतात का ते वाशिमला जाऊन विचार, तिथल्या माणसाला पटवत बसू नको.

८१०० च्या पुढच्या दाराला कुलूप असतं. किल्ली आली असेल तर एक ताईकडे ठेव. नसेल आली तर मला कळव, कारंज्यात एक जण कुलुपं करून देतो. किल्ली डीजेवाल्या पोरांना नको आणि सरपंचालाही नको.

तुझा
मामा