चिऱ्यांची पाखाडी

दिवेआगरला आमच्या आगरातून समुद्राकडे जाणाऱ्या पाखाडीतला कुठला चिरा डुगडुगायचा, कुठला मधोमध झिजून खळगा झाला होता, आणि कुठल्याच्या अंगाला पाटाचं पाणी झिरपून बारमाही ओल असायची, हे अजून माझ्या तळपायांना पाठ आहे. आत्या तर अवसेच्या रात्रीसुद्धा कंदील न घेता निघायची. दोन्ही बाजूंना गडगे, वर पोफळींची सळसळ, कुठूनसा केवड्याचा वास, आणि ती आपली अनवाणी, माझा हात धरून, न अडखळता चाललेली.

हे चिरे जांभ्याचे, आणि जांभा मोठा मायाळू दगड, बरं का. आपल्या काळ्या कातळाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, ऊन-पावसानं युगानुयुगं कस निघत गेला, बरंचसं वाहून गेलं, लोह मागे राहिलं, म्हणून तो असा तांबडा. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हव्या त्या मापात तासून घेता येतो, आणि मग वारा-ऊन खात वर्षागणिक कडक होत जातो. पाखाडी घालताना खाली पुळणीची वाळू पसरून चिऱ्याला चिरा भिडवायचा आणि सांध्यांत चिपा ठोकायच्या. ना चुना, ना सिमेंट. त्यामुळे कितीही झोडपून पाऊस येवो, पाणी सांध्यांतून आणि चिऱ्याच्या भोकाभोकांतून मुरत राहायचं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर त्या तापलेल्या चिऱ्यांतून जो वास उठायचा त्यात माती होती, लोखंड होतं, वाळत घातलेल्या सुपारीचा तुरट दर्पही होता. तो आम्ही पडवीत बसून छाती भरभरून घ्यायचो.

श्रावणात मात्र पाखाडी शेवाळायची. मग गणपतीच्या आधी एखादी उघडीप बघून आम्हा पोरांना कामाला जुंपलं जाई. नारळाच्या करवंटीनं खरवडायचं, वर चुलीतली राख भुरभुरायची. करवंटीचा तो खर्र खर्र आवाज, नखांत गेलेलं हिरवंगार शेवाळ, आणि मागून आत्याचं, ‘अरे, कडेनं खरवडा, मूर्ती घेऊन येणाऱ्याचा पाय तिथंच पडतो.’

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि पोफळी पाखाडीवर आडव्या झाल्या. त्या ओढून काढताना बरेच चिरे उखडले, फुटले, आणि पुढे तिथं काँक्रीटचा रस्ता झाला. फुटके चिरे त्याच्याच भरावात गेले. गाडी दारापर्यंत येते, दुखणेकऱ्याला खुर्चीत घालून उचलून न्यावं लागत नाही, तेव्हा त्या रस्त्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पण आत्या त्यानंतर दोन-तीन पावसाळे होती. चपला घालून, काठी टेकत ती त्या सपाट रस्त्यावरून चालायची आणि मध्येच थांबून विचारायची, ‘आपण कुठवर आलो रे?’ दिवसाढवळ्या, आपल्याच आगरात.

आता तीही नाही. चैत्रात त्या काँक्रीटवर दुपारी पाय ठरत नाही, आषाढात पाणी त्याच्यावरून धावत सरळ खाली निघून जातं. भाद्रपदात गणपती टेम्पोतून थेट अंगणात उतरतात, आणि श्रावणातल्या उघडिपीला पोरांना कुणी करवंट्या घेऊन बोलावत नाही.