राजवाड्याची पूर्व बाजू

बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा ध्यानात आले की, आईने मागितलेले राजवाड्याचे, भिंतीवर लावण्याजोगे छायाचित्र अद्याप काढलेलेच नाही. स्नेह्याकडून चांगला कॅमेरा मिळणार होता. पण आधी जागा हेरावी म्हणून शनिवारी सायंकाळी रिकाम्या हातांनीच गेलो.

१८९७ साली म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळाला. त्या जागी हेन्री आयर्विनच्या आराखड्यानुसार १९१२ पर्यंत हा उभा राहिला. करडा दगड, वर गुलाबी घुमट, असे त्याचे वर्णन मी घरच्या पत्रांतून किती वेळा केले असेल! प्रत्यक्षात समोर होती ती काळवंडलेली भिंत. राजवाडा पूर्वाभिमुख, सूर्य त्याच्या पाठीशी उतरलेला. तीन वर्षे कचेरी सुटल्यावर मी याच वेळी येथून जात आलो. म्हणजे त्याचा उजळ चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता! रविवारी रात्री सुमारे ९७ हजार दिवे लागतात खरे. पण त्यांत दगड लोपतो आणि उरते केवळ रेखाकृती.

दरवाजा सकाळी दहाला उघडतो. मधल्या कमानीसमोरची एक जागा पावलांनी मोजून ठेवली आणि परतलो. सामान बांधायचे राहिले आहे. ते दुपारी बांधता येईल. सकाळचे ऊन मात्र आता एकच उरले आहे.